सेजलच्या शुद्धलेखनाचा मुहूर्त

मोरजी, पेडणे
४ जुलै

ती. स्व. सुलोचना आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळी खुशाल आहेत. परवा फोनवर मी तुला सेजलच्या अभ्यासाचं विचारलं आणि तू मला फणसाच्या भाजीत खोबरं किती घालायचं ते सांगितलंस. कानातलं यंत्र डबीत ठेवून फोन उचलायची तुझी सवय जाईपर्यंत मी आपली पत्रच लिहीन म्हणते. पोस्टमनलाही जरा चालणं होईल.

नोव्हेंबरात मी सेजलला शाळेतून काढली ते तुला आवडलं नाही, मला ठाऊक आहे. पण दुसरीतली पोर रोज सकाळी पोट धरून बसायची. फळ्यावर एक शब्द चुकला म्हणून वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून बाईंनी नाव विचारलं तरी तोंड उघडेना. घरी मात्र टकळी चालूच. म्हणून तुयेच्या कारखान्यातली माझी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी तिला घरीच शिकवायला घेतली. बाप म्हणून निहार माझ्या बाजूने आहे. मामंजींनी मात्र येत्या जूनपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर पोर चारचौघांत बोलायला लागली नाही तर पुन्हा शाळा, असं ते दुकानाच्या फळीवर हात आपटून म्हणाले. सोड्याच्या चार बाटल्या साक्षीला होत्या.

गणित चाललं आहे, वाचन तर झकास. अडलं आहे दोन ठिकाणी. शुद्धलेखन कधी सुरू करायचं, आणि परकी भाषा कधी? फोनवर आम्हा घरी शिकवणाऱ्या आयांचा एक गट आहे. फोंड्याची एक म्हणते, पाचव्या वर्षी स्पेलिंगं तोंडपाठ हवीत. म्हापशाची म्हणते, दहाव्यापर्यंत हात लावू नका. तिसरीचा मुलगा फ्रेंच शिकतो, हे ती दर दोन दिवसांनी कळवते, कोणी विचारलेलं नसताना. सेजल आता सव्वासात वर्षांची. शेजारच्या भाड्याच्या खोल्यांत गेल्या हंगामात दाशा नावाची रशियन मुलगी होती, हिच्याच वयाची. दोघी दिवसभर वाळूत. तिच्याकडून ही काहीबाही बोलायला शिकली आहे. ऑक्टोबरात ती माणसं परत येतील. ते थांबवू की वाढवू? मराठी डळमळीत, इंग्रजी कच्चं, त्यावर रशियन!

निहार म्हणाला, आत्येलाच विचार, बत्तीस वर्षं तिने पोरांच्या वह्या लाल केल्या आहेत. तो हे आदरानेच म्हणाला असावा, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

तुझा आशिर्वाद असू दे, आणि उत्तर पावसात भिजू न देता धाड.

तुझी,
गौरवी


डिचोली
१२ जुलै

चि. सौ. गौरवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यातली ‘शी’ दीर्घ आहे, डोळे भरून बघून घे. तू ऱ्हस्व मागितलास. ऱ्हस्व आशीर्वाद अर्धाच लागतो. पत्रात आणखी सहा चुका आहेत, त्या तुझ्या तूच शोध. नाही सापडल्या तर सेजलला शोधायला सांग.

आता उत्तर. शुद्धलेखन उद्यापासून. रोज दहा शब्द तू सांगायचे, तिने लिहायचे, चुकेल तो शब्द दहा वेळा. वेल कोवळा असतानाच मांडवावर चढवावा लागतो, मग त्याला कितीही ओढलं तरी तो परसातच लोळतो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कचेऱ्यांत अर्ज लिहितात आणि साहेब एक काना बदलत नाही. गटातल्या तुझ्या त्या म्हापशाच्या बाईला माझा नमस्कार सांग, आणि दहाव्या वर्षापर्यंत ती पोराला काय खुंटीला टांगून ठेवणार आहे ते विचार.

परकी भाषा बाराव्या वर्षाआधी नको. आपली भाषा अंगात मुरल्यावर दुसरीचा विचार. आता तू म्हणशील, आत्ये, सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की तू जनेल उघडतेस आणि बालदी बाजूला करून पाव घ्यायला जातेस, ही कुठली भाषा, पोर्तुगीजच ना? तर ती आपलीच. चारशे वर्षं घरात राहिलेल्या पाहुण्याला कोणी पाहुणा म्हणत नाही. तुझी रशियन अजून उंबऱ्याबाहेर आहे.

तुझ्या मामंजींना, गोकुळदासबाबांना म्हणावं, फळीवर हात आपटू नये, हाडं उतारवयात लवकर जुळत नाहीत. निहारचा आदर पोचला.

फणसाच्या भाजीत खोबरं अर्धी वाटी. हे मी बरोबरच सांगितलं होतं.

माया आहे ती आहेच, तुझ्या चुकांनी ती कमी व्हायची नाही.

तुझी आत्या,
सुलोचना


मोरजी
२० ऑगस्ट

ती. स्व. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं औषध जालीम निघालं. पहिल्या दिवशी मी ऐटीत मेजाशी बसले आणि शब्द सांगितले. मी म्हटलं पाणी, तिने लिहिलं उदक. मी म्हटलं मासा, तिने लिहिलं नुस्तें, अनुस्वारासकट. मी म्हटलं खिडकी, तिने लिहिलं जनेल. सगळं घरच्या कोकणीत, सुवाच्य अक्षरात, आणि वर माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मी अर्थ विचारते आहे. आता हे बरोबर धरायचं की चूक, हे तू सांगितलं नव्हतंस.

मी चूक धरलं. दहा वेळा पाणी लिही म्हटलं. तिने चारदा लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी शब्दांची वेळ झाली तर पोर जागेवर नाही. शोधते तर मेजाखाली, पोट धरून. तेच पोट, आत्ये. तिसऱ्या दिवशी मी नुसती वही काढली तर ओठ असे मिटून घेतले की वर्गातली सेजल मला पहिल्यांदाच बघायला मिळाली. शाळेत काय व्हायचं ते मी आजवर ऐकूनच होते. आता ते माझ्याच घरात झालं, आणि करणारी मी.

मामंजी दारात उभे होते. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून गेले. निहार म्हणाला, तू तिला मेजाखालून काढू नकोस, तूच आत जा. म्हणून मी आत गेले. दोघी अर्धा तास तिथे बसलो. माझी कंबर अजून धरलेली आहे.

गणपतीची चवथ तोंडावर आली, करंज्या-नेवऱ्या करायच्या आहेत, आणि माझं कशात लक्ष नाही. दुसरा काही उपाय असला तर कळव. आणि या पत्रातल्या चुका मोजू नकोस, या वेळी मी त्या जाणूनबुजून ठेवल्या आहेत असं समज.

आठवण ठेव, आणि यंत्र कानात ठेव.

तुझी,
गौरवी


डिचोली
९ सप्टेंबर

चि. सौ. गौरवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकही चूक मोजली नाही, खरंच. सेजलने उदक लिहिलं ते बरोबर आहे. नुस्तेंही बरोबर. पण मी असते तर मीही लाल रेघ मारली असती आणि दहा वेळा लिहायला लावलं असतं. बत्तीस वर्षं तेच केलं. त्यामुळे तुला दोष देऊ नकोस, तो इथून पोस्टाने आला होता.

आता एक सांगते, ते तुझ्या बापालाही कधी सांगितलं नाही. इथल्या बाजारात शेवंती म्हणून भाजीवाली आहे. ती माझी तिसरीतली विद्यार्थिनी. तिला मी एकदा ‘विद्यार्थी’ हा शब्द पन्नास वेळा लिहायला व्हरांड्यात बसवलं होतं. त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. गेली कित्येक वर्षं मी तिच्याकडूनच तांबडी भाजी घेते, ती दर वेळी मूठभर जास्त घालते, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही की बाय, तू शाळा का सोडलीस. उत्तर नको असलं की माणूस यंत्र डबीत ठेवतो.

गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं घ्यायला बुधवारी बाजारात गेले ती यंत्र घालून गेले, आणि विचारलं. ती हसली. म्हणाली, बाई, तुमच्या पन्नास वेळांना कोण भितं? आईला बाळ झालं होतं, ते सांभाळायला घरी कोण होतं? माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या आनंदात मी नको असलेली दोन तवशीही घेतली. मग जुडी बांधता बांधता ती आपणहून म्हणाली, फक्त एक झालं बाई, त्यानंतर कोणासमोर लिहायला हात धजत नाही. बँकेत अंगठा लावते. सही येते मला, घरी पिठात बोटाने काढते, अगदी नीट येते. पण लोकांसमोर चुकली तर?

मी भाजी तिथेच विसरून निघाले. तीच हाका मारत मागून आली. यंत्र कानात होतं, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

तेव्हा माझा जुलैचा निकाल मी मागे घेते. शब्द सांगणं बंद कर. शुद्धलेखन कधी सुरू करावं, तर मला माहीत नाही. निवृत्त मुख्याध्यापिकेने हे लिहून द्यायला बरंच धैर्य लागतं, हे पत्र जपून ठेव. आणि ती रशियन मुलगी आली की खुशाल खेळू दे. त्या भाषेत अजून कोणी तिला चूक म्हटलेलं नाही.

जास्त काय लिहू? पोरीच्या पाठीवरून माझा हात फिरव.

तुझी आत्या,
सुलोचना


मोरजी
१८ जानेवारी

ती. स्व. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही म्हणून तू निहारला फोन केलास, आणि तो बरी आहे म्हणाला ते तू बहिरी आहे असं ऐकलंस. मी बहिरी नाही, आळशी आहे. पण आज लिहिण्यासारखं घडलं आहे, नीट बसून वाच.

शब्द सांगणं मी त्याच दिवशी बंद केलं. ऑक्टोबरात दाशा आली. दोघींनी मामंजींच्या दुकानात मुक्काम ठोकला. बरणीतल्या, फळीवरच्या एकेका वस्तूचं नाव आधी सेजल सांगायची, मग दाशा. मामंजी कुरकुरायचे, पण दोघींना एकेक गोळी द्यायचे. स्वतः मामंजींची परकी भाषा तुला माहीत आहे. गोरं गिऱ्हाईक काहीही बोललं की येस येस. शहाळं हवं का, येस. रस्ता कुठे जातो, येस. कोणी तुमचं दुकान जळतंय असं म्हटलं असतं तरी बहुधा येसच मिळालं असतं.

गेल्या मंगळवारी दुपारी एक अनोळखी रशियन बाई आली, कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोर. आपल्या नाचणीच्या लाडवांकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं. मामंजी म्हणाले, येस. तिने पुन्हा विचारलं, पोराकडे बोट दाखवून, गळ्याला हात लावून. मामंजी आणखी प्रेमाने म्हणाले, येस येस, आणि लाडू स्वतःच पोराच्या हातात दिला. लाडवांत मी काजूचा चुरा घालते. सेजल मागे पोत्यावर बसली होती. ती उठली आणि जोरात ओरडली, न्येत! न्येत! आर्येखी! न्येत म्हणजे नाही, आणि दाशाने तिला काजू, शेंगदाणे, सगळ्याला मिळून आर्येखी शब्द शिकवला होता, तोच हिने बाईच्या तोंडून ऐकला. बाईने पोराच्या तोंडाशी गेलेला लाडू झटकून टाकला.

मी हाक ऐकून धावत आले. बाई पोराची बोटं पुन्हा पुन्हा पुसत होती. दाशाच्या आईला बोलावलं, तिने सांगितलं, की त्या पोराला असल्या दाण्याचा कण पोटात गेला तरी घसा सुजतो, मागे एकदा इस्पितळात न्यावं लागलं होतं. बाई हेच विचारत होती, की यात तसलं काही नाही ना? तिने सेजलला असं आवळून धरलं की पोरीची वेणी सुटली. दुकानापुढे आठ-दहा माणसं जमली. सगळी सेजलकडे बघत होती, आणि सेजल त्यांना काय झालं ते सांगत होती, आपल्या भाषेत, मग त्यांच्या भाषेत, हातवारे करून. आठ-दहा माणसांना, आत्ये! माझी मुलगी!

मामंजी पायरीवर बसून राहिले. पाणी दिलं ते नुसतं हातात धरलं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, आजपासून मी येस म्हणणार नाही. निहार म्हणाला, येस.

याच्या पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेजलला खडू दिला आणि सांगितलं, कशात काजू-शेंगदाणे आहेत ते मोठ्या पाटीवर लिही, आपल्या अक्षरात आणि त्यांच्या. दाशाच्या आईने रशियन अक्षरं काढून दिली, ती हिने जशीच्या तशी उतरवली. मग मराठी लिहिताना थांबली, आत माझ्याकडे आली आणि म्हणाली, आई, शेंगदाणेमधला णे कुठला, नळातला की बाणातला? चुकून चालायचं नाही, लोक वाचून खाणार. माझ्या हातातली पळी पडायची बाकी होती. आपणहून विचारलं तिने. मी सांगितलं. ती लिहून आली आणि लगेच दुसरा शब्द घेऊन आली. त्या दिवशी आम्ही अठरा शब्द केले. पोट कोणाचंच दुखलं नाही.

हे आता मी आयांच्या गटावर कसं लिहू? परकी भाषा सात वर्षं नऊ महिन्यांनी, शुद्धलेखन त्यानंतर एका दिवसाने?

आमच्यावर तुझी नजर असू दे.

तुझी,
गौरवी


डिचोली
२५ जानेवारी

चि. सौ. गौरवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग डोळे पुसले, शेजारीण डोकावून गेली. गोकुळदासबाबांना सांग, की माणसाने एका वेळी एकच परका शब्द शिकावा हे खरं, पण तो निदान नाही हा तरी असावा.

सेजलला मी स्वतंत्र पत्र लिहिणार होते, पण धीर झाला नाही. चुका काढेल.

सर्वांना यथायोग्य, लाडू बिनकाजूचे करून धाड, माझ्या दातांसाठी.

तुझी आत्या,
सुलोचना


मोरजी
१० मे

ती. स्व. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

आंबे पोचले. त्यातले निम्मे मामंजींनी चाखण्याच्या निमित्ताने संपवले.

दाशा एप्रिलच्या सुरुवातीला गेली. सेजल दोन दिवस गप्प होती, पण ते गप्प बसणं वेगळं, रडून मोकळं होण्याचं. मग परवा जेवताना तिने जाहीर केलं, की जूनपासून मी शाळेत जाणार. कोणी विचारलंही नव्हतं.

आता गंमत बघ. मामंजींनी ताटावरून हात उचलला आणि म्हणाले, कशाला शाळा? पोर घरी इतकी छान शिकते आहे, आणखी एक वर्ष राहू दे. हे जूनची मुदत देणारे मामंजी! निहारने विचारलं, की तुम्हाला पोरीची काळजी आहे का दुकानातल्या गिऱ्हाइकांची? ते म्हणाले, दोन्ही.

आणि मी? मी तर नाचायला हवं होतं. तिने बोलावं म्हणूनच सगळं केलं ना? पण मला राग आला, आत्ये. नोकरी सोडली, तक्ते रंगवले, बारकी अक्षरं बघून चष्मा लागला, कोणाचं काय काय ऐकून घेतलं. आता कुठे घडी बसत होती. मी तिला विचारलं, की माझं शिकवणं तुला आवडत नाही का? ती बराच विचार करून म्हणाली, आई, तू छान शिकवतेस, पण तू एकटीच आहेस.

मी भांडी घासायला मागच्या दारी गेले. एरवी कधी एवढी लख्ख घासली नसतील.

जवळच्याच दुसऱ्या शाळेत नाव घातलं आहे, तिसरीत. तिथल्या बाई भेटल्या, बऱ्या वाटल्या. पण एक शब्द चुकला आणि पुन्हा वर्ग हसला तर? तेव्हाही ती अशीच आनंदाने गेली होती. निहार म्हणतो, जायचं म्हणते तर जाऊ दे. तू काय म्हणतेस? या वेळी तू माहीत नाही असं लिहिलंस तर मी तिथे येऊन बसेन.

तुझी,
गौरवी


डिचोली
१६ मे

चि. सौ. गौरवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येऊन बस, खोली झाडून ठेवली आहे. पण आधी पोरीला शाळेत घाल.

वर्ग हसेल. मी बत्तीस वर्षं वर्गात होते, एकही वर्ग न हसणारा बघितला नाही. तो हसू नये हे तुझ्या हातात नाही. हसून झाल्यावर ती कोणाकडे येते एवढंच तुझ्या हातात, आणि तिथे तू पहिल्यापासून बसलेली आहेस, मेजाखालीसुद्धा.

राग आला हे मला लिहिलंस ते बरं केलंस. दर मार्चमध्ये चौथीची पोरं निरोप घेऊन जायची आणि मला तसाच राग यायचा. ज्याला मुळाक्षरं गिरवायला हात धरून बसवलं, तो मागे वळून बघतसुद्धा नाही. ज्यांनी वळून बघितलं, त्यांचीच मला जास्त काळजी वाटायची. पहिल्या दिवशी घंटा झाली की फाटकापासून निघ. तिथे रेंगाळणाऱ्या आयांना आम्ही शिपायाकडून झाडू द्यायचो.

आणि कारखान्यात चौकशी कर. तू नुसती घरी बसलीस तर आयांच्या गटावर सल्ले देऊ लागशील, त्याची मला धास्ती आहे.

आतड्याची माया आहे, ती अशीच राहणार.

तुझी आत्या,
सुलोचना


मोरजी
१२ जून

ती. स्व. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी तुझ्या आज्ञेप्रमाणे मी फाटकापासून निघाले आणि समोरच्या चहाच्या टपरीत जाऊन बसले. झाडू कोणी दिला नाही. चार चहा मात्र झाले. वळून बघितलं नाही तिने. तू म्हणतेस ते चांगलं लक्षण, मी तसंच मानून घेतलं, थोड्या वेळाने.

कारखान्यातून होकार आला आहे. पुढच्या सोमवारपासून, अर्धा दिवस. गटावर मी निरोपाचं लिहिलं. म्हापशाच्या बाईने शुभेच्छा दिल्या, फ्रेंचवाल्या मुलाने आता जर्मन सुरू केलं आहे.

काल सेजल घरी आली, दप्तर टाकलं आणि हात धुता धुता म्हणाली, की आज फळ्यावर तिचा शब्द चुकला आणि सगळी हसली. माझ्या हातात तिचं ताट होतं. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मी त्यांना थांबा म्हटलं, माझं अजून संपलं नाही. पुसलं, परत लिहिलं. पुन्हा चुकलं, पुन्हा हसली. मग पहिल्या बाकावरच्या अंकिताने हळूच सांगितलं, तेव्हा बरोबर आलं. मी विचारलं, तुला वाईट वाटलं का? ती म्हणाली, वाटलं ना, पण मग खेळाचा तास होता.

एवढं सांगून ती आजोबांच्या दुकानाकडे पळाली, कारण अंकिता तिथे शहाळं प्यायला येणार होती. मी ताट घेऊन तशीच उभी होते. आमटी निवली, पुन्हा गरम केली.

रविवारी आम्ही तिघं तिकडे येत आहोत. मामंजींना दुकान सोडवत नाही. आल्यावर बोलूच, तू यंत्र घाल, मी हळू बोलेन.

तुझी,
गौरवी